साडेसहा इंच, दमट हवा

पावसाला भिणारी माणसं जगात दोनच प्रकारची. एक, ज्यांचं छप्पर गळतं ती. आणि दुसरी, ट्रूडी मावशीच्या खुर्चीवरून नुकत्याच उठलेल्या मुली.

ओलेटा प्रुइट त्या सकाळी दुसऱ्या प्रकारात मोडत होती. अडीच तास... अहो, अडीच तास मावशीनं तापवलेला लोखंडी कंगवा तिच्या केसांतून ओढला होता. दोनदा कानाची पाळी भाजली होती. "हललीस तर टक्कल करीन," असा दम तीनदा दिला होता. तेव्हा कुठं ते दाट, बारीक वेटोळ्यांचे केस सरळ होऊन गुमान खांद्यावर उतरले होते. आणि हे सगळं कशासाठी? तर अकरा वाजता एका मालिकेच्या ऑफिसात कामासाठी तोंड दाखवायला जायचं होतं. अटलांटात हल्ली दर दुसऱ्या रस्त्यावर कसलं ना कसलं शूटिंग चालूच असतं. काम नेमकं काय, ते लीटालाही ठाऊक नव्हतं. लीटा म्हणजे ओलेटाच. एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला सवड आहे?

ऑबर्न ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर पावसानं तिला गाठलं. तिनं किराणाची प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर ओढली, हनुवटीखाली गाठ मारली आणि धूम ठोकली.

"अहो! अहो मॅडम... इकडे या!"

बंद दुकानाच्या दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. खांद्याला दोन जड पिशव्या, गळ्यात वायरींचं भेंडोळं, आणि हातात ही एवढी मोठी पांढरीशुभ्र छत्री. लीटा तिच्याखाली शिरली. वर पाहिलं... आणि पाहतच राहिली. डोळे असे शांत, जसा काही पाऊस थांबेपर्यंत त्यांना दुसरं कामच नाही. अशा माणसासमोर डोक्यावर कोबीच्या चित्राची पिशवी? तिनं ती पटकन सोडली आणि पर्समध्ये कोंबली.

इथंच चुकलं.

"तुमची छत्री गळतेय," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"नाही हो, गळत नाही. ही... ही अशीच असते."

"अशीच म्हणजे?"

"ही पावसाची छत्री नाहीये. उजेडाची आहे. दिव्यासमोर लावायची. उजेड गाळून येतो, मऊ पडतो."

"पाणीही गाळूनच येतंय!"

"हो..." तो ओशाळून म्हणाला, "तुम्ही पळताना दिसलात आणि... हात आपोआप वर गेला. डोकं नंतर चाललं."

लीटानं दुकानाच्या काचेत पाहिलं. डावी बाजू अजून सरळ, शहाण्या मुलीसारखी. उजवी बाजू मात्र वेटोळी घेत, फुगत, वर चढत थेट कानाच्या वर जाऊन बसली होती. मावशीचे अडीच तास पाच मिनिटांत पाण्यात.

"मी लिनवूड," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं?" असं म्हणून ती पावसातच निघून गेली. आता वाचवायचं तरी काय राहिलं होतं?

ऑफिसात दिग्दर्शिका ग्वेन टॉलिव्हर बाई स्वतः बसल्या होत्या. पन्नाशीच्या, करड्या जटांच्या, चष्मा कपाळावर. लीटाच्या डोक्याकडे त्या इतका वेळ पाहत राहिल्या, की तिनं मनातल्या मनात परतीची बस पकडलीसुद्धा.

"हे उजवीकडचं," बाई म्हणाल्या, "तुझं आहे? खरं?"

"नाही, भाड्यानं आणलंय," लीटा फणकारली.

बाई खो खो हसल्या. "डावीकडचंही तसंच करून टाक. सोमवारपासून ये."

काम ऐकून लीटा चक्रावली. मालिकेची नायिका होती मार्सेलिन डुप्री. तीच ती, जिचे काळ्या ढगासारखे गोल फुललेले केस शहरातल्या प्रत्येक बसस्टॉपवरच्या पोस्टरवर झळकत होते. शॉटच्या आधी दिवे लावायला दोन-दोन तास लागतात. तेवढा वेळ एवढी मोठी नटी ताटकळत थोडीच उभी राहणार? म्हणून तिच्याच उंचीची, तिच्याच रंगाची, तिच्याचसारख्या केसांची कुणीतरी तिच्या जागी उभी करायची. दिवे लागले, की हिनं बाजूला व्हायचं आणि मार्सेलिननं त्या उजेडात यायचं. चेहरा हिचा दिसणार नाही, नाव हिचं येणार नाही.

"म्हणजे खांबाचं काम," ट्रूडी मावशीनं निकाल दिला. "खांबाला पगार देतात, हे नवलच."

मावशीला राग खांबाचा नव्हता, केसांचा होता. तिची चाळीस वर्षं आपल्या दुकानात बायकांचे केस सरळ करण्यात गेली होती. आता ते पोस्टर लागल्यापासून पोरी दुकानात येऊन म्हणायच्या, 'मिस ट्रूडी, कंगवा नको, मार्सेलिनसारखे फुलवून द्या.' मावशी फुलवून द्यायची, पण तोंडाचा पट्टा चालूच असायचा. "आम्ही गोऱ्यांच्या बँकेत नोकरी मिळावी म्हणून कान भाजून घेतले. आणि आता टीव्हीवर एकीनं आंघोळ करून तशीच यायचं, आणि जग टाळ्या पिटणार!" बोलता बोलता मात्र त्या पोस्टरकडे ती अशी पाहायची... लीटाला वाटायचं, हिला पटलंय की नाही पटलंय? काही थांग लागत नसे.

सोमवारी लीटा केस धुऊन, तेल लावून, मोकळे फुलवून सेटवर गेली. शाळा सुटल्यापासून ती अशी घराबाहेर पडली नव्हती. मानेला वारा लागत होता. जमिनीवर पिवळ्या पट्टीची फुली होती, तिच्यावर जाऊन ती उभी राहिली. शिडीवरून कुणीतरी उतरलं... आणि तिच्या समोर येऊन थबकलं.

"तुम्ही?"

"तुम्ही?" लीटा म्हणाली. "आज कुठली छत्री आणलीत? चाळणीची?"

लिनवूड बीट्टी सेटवरच्या दिव्यांचा प्रमुख होता. त्याचे कान लाल झाले असावेत. त्या रंगाच्या माणसाचे कळत नाहीत, पण लीटाला कळले.

"हनुवटी जरा वर," तो म्हणाला. "अं... डावीकडे. बस्स. मिस मार्सेलिन इथून खिडकीकडे बघणार आहेत. तुम्ही बघा."

तिनं बघितलं. तो दिवे हलवत राहिला, आणि मग तिच्याकडे बघत राहिला. असं, इतका वेळ, इतकं मन लावून तिच्याकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. गालावर उजेड कसा उतरतो, भुवईखाली सावली किती पडते, केसांच्या कडेनं ती बारीक सोनेरी रेघ उमटते की नाही... लीटा खिडकीकडे बघायचं विसरली. मग सहायकानं हाक दिली, "मिस मार्सेलिन येताहेत!" लीटा फुलीवरून बाजूला झाली. मार्सेलिन फुलीवर आली. आणि लिनवूड त्याच शांत डोळ्यांनी, तितकंच मन लावून तिच्याकडे बघू लागला.

लीटाचा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून पोलादी टेप काढली.

"हे कशाला?"

"केसांची उंची. कपाळापासून वर. हात लावणार नाही, लांबून धरतो." खरंच त्यानं टेप हवेत धरली, केसांपासून बोटभर दूर. "साडेसहा इंच." मग एक छोटी निळी वही काढून काहीतरी लिहिलं.

त्या एका 'हात लावणार नाही'वर लीटा गार झाली होती. तिच्या या दोन दिवसांच्या मोकळ्या केसांना रस्त्यात दोघींनी, बसमध्ये एका बाईनं, आणि बँकेत तर चक्क मॅनेजरनं हात घातला होता, 'किती मऊ हो!' म्हणत. जसं काही दुकानातलं कापड.

"रोज मोजणार?"

"हवा बदलली की केस बदलतात ना. दमट झाली की आखडतात. उजेड... उजेडाचं काम आहे." तो वहीकडे बघतच बोलला.

बरोबर, लीटाला वाटलं. माझे आखडले, तर मार्सेलिनचेही आखडणार. माझ्यावरून त्याला तिचा अंदाज येणार. खांबाचं माप घेऊन घर बांधायचं. तिनं खालचा ओठ चावला आणि खिडकीकडे पाहिलं.

मे गेला, जून आला. रोज टेप, रोज वही. "सहा इंच. काल पाऊस होता ना रात्री?" ... "पावणेसात! आज काय केलंत?" ... "वेण्या घालून झोपले होते." ... "छान दिसतं." ... "कुणाला? कॅमेऱ्याला?" ... यावर तो सरळ शिडीवर चढून जायचा. आता बोला!

एकदा जेवणाच्या सुट्टीत लिंबू-मिरीतल्या कोंबडीचा पुडा आणि बर्फाच्या गोड चहाचे दोन पेले घेऊन तो तिच्या पायरीशी येऊन बसला.

"एक विचारू?" लीटा म्हणाली. "या धंद्यात कसे पडलात?"

"आईमुळे." त्यानं बोटं पुसली. "ती चर्चमध्ये गायची. मी सात वर्षांचा असताना तिचं गाणं टीव्हीवर लागलं. सगळी गल्ली आमच्या घरात. आईचे केसही असेच होते, मोठे, गोल. आणि मागे काळा पडदा. दिवा लावणाऱ्यानं लावला नुसता तोंडावर. झालं काय, केस पडद्यात गेले. नुसता चेहरा तेवढा तरंगतोय, वर डोकंच नाही! मी भोकाड पसरलं. म्हटलं, माझ्या आईचं डोकं कुठं गेलं?"

लीटाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

"मागून एक छोटा दिवा हवा होता, बस्स. एवढासा. कुणाला सुचलंच नाही, कारण कुणी बघितलंच नाही." तो तिच्याकडे वळला. "मी बघतो."

"मार्सेलिनकडे," लीटाच्या तोंडून निसटलं.

तो काही बोलणार, एवढ्यात शिडीवरून त्याला हाक आली. तो गेला. कोंबडीचा एक तुकडा पुड्यात तसाच राहिला आणि लीटा त्या तुकड्याशी भांडल्यासारखी बघत बसली.

"मावशी, माणूस रोज दोन तास आपल्याकडे बघतो. मग दुसरी आली, की तिच्याकडे तसाच बघतो. याला काय म्हणायचं?" संध्याकाळी दुकानात लीटानं विचारलं.

"पगार म्हणायचं," मावशी म्हणाली. मग भाचीचं तोंड बघून तिनं हातातला कंगवा खाली ठेवला. "तू त्याला विचारलंस?"

"काय विचारू? तुमची नजर कुणाची म्हणून? आणि तो म्हणाला कामाची, तर?"

"तर मग दुसरं काम बघायचं. पण पोरी, न विचारता झुरत बसलीस, तर उशीला टेकून टेकून केस चपटे होतील दोन्हीकडून."

लीटानं ठरवलं, उद्या विचारायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं टेप धरून "साडेसहा. दमट हवा, तरी साडेसहा!" असं इतक्या आनंदानं म्हटलं, की तिनं नुसती हनुवटी वर केली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं उसनं अवसान आणून "मिस्टर बीट्टी, तुम्ही..." एवढं म्हटलं, तर तो "हां?" म्हणून असा काही वळला, की तिनं विचारलं, "...तुम्ही जेवलात का?" सकाळी नऊ वाजता! स्वतःच्या जिभेला काय म्हणावं, तेच तिला कळेना.

आणि मग तो पावसाचा शॉट आला.

कथेत अशी जागा होती, की नायिका भर रस्त्यात डोक्यावरचा रुमाल सोडते आणि पावसात चालत जाते. जन्मभर पावसाला भिऊन पळालेली बाई आज पळत नाही. पाठमोरी. कॅमेरा तिच्या केसांवर. केस भिजतात, वेटोळी घेतात, आखडत वर चढतात, आणि ती चालतच राहते. शहराच्या दक्षिणेकडच्या एका गल्लीचा रस्ता अडवला होता, वर पाण्याचे नळ टांगले होते. सकाळची वेळ. लीटा फुलीवर उभी राहिली, दिवे लागले.

ग्वेन बाई तिच्याजवळ आल्या. चष्मा आज नाकावर होता, म्हणजे बात गंभीर होती.

"आज बाजूला होऊ नकोस. हा शॉट तू द्यायचास."

"मी? आणि मिस मार्सेलिन?"

बाईंनी मागे पाहिलं. मार्सेलिन गाडीच्या पायरीवर झगा गुंडाळून बसली होती. तिनं मानेनंच लीटाला बोलावलं. लीटा गेली. मार्सेलिननं इकडेतिकडे पाहिलं, कपाळापाशी बोट घातलं... आणि तो काळा ढग, बसस्टॉपवरचा, साऱ्या शहराचा, टोपीसारखा अर्धा उचलला.

विग! खाली विरळ, आखूड, कडेनं पार उडालेले केस.

"पाण्यात हा आखडत नाही," ती शांतपणे म्हणाली. "नुसता लोंबतो. मेलेल्या मांजरासारखा."

मावशीच्या दुकानातल्या त्या साऱ्या पोरी लीटाच्या डोळ्यांसमोर आल्या. केसानं गळा कापणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

"रागावलीस?" मार्सेलिननं विचारलं. "रागव. पण ऐक. मी सतरा वर्षांची या धंद्यात आले. ज्यांना आपल्यासारख्यांचे केस विंचरता येत नव्हते, त्यांनी माझे विंचरले. डिंक, गरम चिमटे, ओढाताण. कॅमेऱ्यासमोर हसत राहिले, आणि केस गळत राहिले. आता जग म्हणतंय, तुझे खरे केस दाखव. आता दाखवायला आहेत कुठं?" तिनं विग पुन्हा बसवला. "वाढताहेत. हळूहळू. तोवर आज तुझे उसने दे."

लीटाचा राग एकाएकी कुठं ठेवावा, तेच तिला समजेना. कुणावर रागवायचं? या बाईवर? आणि मग तो राग अलगद शिडीकडे वळला.

"लिनवूडला हे माहीत होतं?"

"तुझ्याआधीपासूनच्या सगळ्यांना. कागदावर सह्या घेतल्यात, बाहेर बोलायचं नाही म्हणून. त्यानं तर या विगची मापं पहिल्याच दिवशी घेतली."

"आणि मग रोज?"

"रोज कशाला? विग काय वाढतो की आखडतो? एकदा माप घेतलं, संपलं." मार्सेलिननं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "का गं? काय झालं?"

लीटाच्या डोक्यात मे आणि जून एकमेकांवर आदळत होते. विग रोज सारखाच. मग माझ्या केसांवरून कसला अंदाज? मग रोज टेप कशाला? मग ती वही...

"जागेवर!" ग्वेन बाई ओरडल्या.

ती फुलीवर गेली. नळ सुटले. पहिला थेंब टाळूवर पडला आणि तिच्या अंगातली जुनी सवय उसळून उठली: पळ! पिशवी ओढ, आडोसा गाठ, पळ! कान भाजल्याचा वास आठवला. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला. पाणी केसांत शिरलं, कातडीपर्यंत गेलं, मानेवरून पाठीत उतरलं. किती गार... आणि किती बरं वाटतं हे, कुणी सांगितलंच नव्हतं! ती चालू लागली. केस आखडत होते, एकेक वेटोळं वर चढत होतं, तिला जाणवत होतं. मागून तो छोटा दिवा तिच्यावर होता. ओल्या रस्त्यावर तिच्या सावलीचं डोकं गोल, स्पष्ट पडलं होतं. तिला हसू फुटलं. कॅमेरा पाठीमागे होता, म्हणून ती मनसोक्त हसली.

"कट! झालं! पहिल्याच फटक्यात झालं!" टाळ्या पडल्या. नळ बंद व्हायला मात्र वेळ लागला. त्यातला एक अडकलाच होता.

आणि त्या नळाखालून धडपडत लिनवूड आला. हातात छत्री. काळी, जाड, नवी कोरी; दांड्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

"ही खरी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "पावसाची. विचारून घेतली दुकानात."

"आता?" लीटाच्या भुवया चढल्या. "आता भिजायचं काय शिल्लक राहिलंय?"

त्यानं छत्री धरलीच. चेहरा शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"वही दाखवा," ती म्हणाली.

"कुठली?"

"निळी. उजेडाच्या कामाची."

"ती... त्यात काही नाही. आकडे आहेत."

"मिस्टर बीट्टी, मार्सेलिनचा विग आहे. विग आखडत नाही. मग माझे केस रोज मोजून तुम्ही कुणाला उजेड देत होतात?"

छत्रीवर पाणी ताडताड वाजत होतं. शेवटी त्यानं खिशातून वही काढून तिच्या हातात दिली आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिला.

पहिलं पान. '२८ एप्रिल. ऑबर्न ॲव्हेन्यू. डावी बाजू सरळ. उजवी बाजू अंदाजे तीन इंच. चूक माझी. नाव कळलं नाही.'

'२ मे. नाव ओलेटा. छत्रीवरून बोलली.' '३ मे. साडेसहा इंच.' '११ मे. सहा इंच. पिवळी कानातली.' '२४ मे. पावणेसात. वेण्या घालून झोपली होती. छान दिसतं म्हणालो. पुढे सुचलं नाही.' '९ जून. साडेसहा. कोंबडी खाल्ली. तिला वाटतं मी मार्सेलिनकडे बघतो.' '१७ जून. साडेसहा इंच, दमट हवा. काहीतरी विचारणार होती. जेवलात का म्हणाली. सकाळचे नऊ. का?'

लीटा वाचत गेली. अक्षरं पुसट झाली, पाण्यामुळे की कशामुळे, देव जाणे.

"तुम्ही सांगायचं नाही का?" तिचा आवाज चिरकला. "दोन महिने! दोन महिने मी स्वतःला खांब समजतेय. तुम्ही माझ्याकडे बघता की माझ्या जागेकडे, याचा विचार करून करून माझं डोकं फिरायची वेळ आली!"

"विगचं सांगता येत नव्हतं. आणि बाकीचं..." तो अडखळला. "दिव्यावर बोलायचं असलं तर मी तासभर बोलतो. पण तू समोर आलीस की... तुम्ही... म्हणजे..."

"तूच म्हण."

"तू," तो म्हणाला. डोळे तेच होते, शांत. फुलीवर कुणी दुसरी यायची नव्हती. नजर सरकली नाही.

"मार्सेलिनकडे कसा बघतोस मग?"

"काम म्हणून."

"आणि माझ्याकडे?"

"कामाच्या नावाखाली."

लीटाला हसू आवरेना. ती हसली, मग नाक ओढलं, मग पुन्हा हसली. "मग आज वहीत काय लिहिणार? मोज की."

त्यानं टेप काढली. एका हातात छत्री, दुसऱ्यात टेप, आणि टेप सुर्रकन मागे जाऊन अंगठ्यावर आपटली.

"राहू दे ती टेप," लीटा म्हणाली. "हातानं मोज."

तो चपापला. त्यांच्या गल्लीत चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं, की बाईच्या केसांना हात लावायचा नाही. आई लावील, मावशी लावील, ज्या बाईच्या खुर्चीत बसलो ती लावील. बाकी कुणी नाही.

"हात... लावू?"

"दुसऱ्यांदा विचारलंस तर नाही म्हणेन."

त्यानं छत्री खाली ठेवली. अडकलेल्या नळाचं पाणी दोघांवर पडू लागलं. त्यानं हात वर नेला, हवेत क्षणभर थांबला, टेप थांबायची तसाच, बोटभर दूर. मग लीटाच कणभर पुढे झाली, आणि त्याची बोटं त्या ओल्या, गच्च, आखडलेल्या वेटोळ्यांत रुतली.

"चार बोटं," तो अगदी हळू म्हणाला.

"लिही मग."

"लिहितो."

"मग हात काढ ना."

"काढू?"

तिकडे ग्वेन बाई ओरडत होत्या, "अरे, दिवे कोण बंद करणार? लिनवूड! दिव्यांचं बिल काय माझा बाप भरणार?" मार्सेलिन गाडीच्या पायरीवरून त्यांना हातानं गप्प बसायला सांगत होती.

"रविवारी काय करतोस?" लीटानं विचारलं. डोळे मिटलेले होते.

"काही नाही."

"माझा केस धुवायचा दिवस असतो. सहा तास लागतात. मी कुणालाच घरात घेत नाही." ती थांबली. "मावशी असेल. ती तुला खांब म्हणेल. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. "सहा तास?"

"कधी कधी सात."

वही ओली झाली होती, पेन रस्त्याच्या कडेच्या पाण्यात कुठं तरी वाहून गेलं होतं. पुढची सगळी पानं त्यानं भरली, रविवारसकट. त्या पावसाच्या दिवसाचं पान मात्र अजून कोरं आहे.